एका तिकिटावर तिघांचा प्रवास

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. माझी भाची आणि तिची कॉलेजातली मैत्रीण एकाच रात्री, एकाच विमानाने मुंबईहून फ्रँकफर्टला निघाल्या. भाचीला तिथून शिकागोमार्गे ओहायो राज्यातल्या कोलंबसला जायचं होतं, मैत्रिणीला हॅम्बुर्गला. दोघींचाही हा पहिलाच परदेशप्रवास, दोघींकडे दोन-दोन मोठ्या बॅगा, आणि तिकीट काढतानाच सांगितलेलं, की बॅगा थेट शेवटच्या गावी मिळतील.

दुसऱ्या दिवशी दोघींचे फोन आले आणि घरातली मंडळी चक्रावली. फ्रँकफर्टला भाचीचा पासपोर्ट इमिग्रेशनवाल्यांनी पाहिलाच नाही, मैत्रिणीला मात्र तिथेच रांगेत उभं राहावं लागलं. बॅगा दोघींनाही तिथे दिसल्या नाहीत. शिकागोला भाचीची चौकशी झाली ती झालीच, वर दोन्ही बॅगा पट्ट्यावरून स्वतः उतरवून, ढकलत नेऊन, पुन्हा दुसऱ्या पट्ट्यावर ठेवाव्या लागल्या. मैत्रीण हॅम्बुर्गला उतरली तेव्हा तिला पासपोर्ट कोणी विचारला नाही, पण बॅग घेऊन निघताना कस्टम्सच्या अधिकाऱ्याने थांबवून बॅग उघडायला लावली.

बहीण मला म्हणाली, "अगं, एकाच विमानातून उतरल्या ना दोघी? मग एकीला एक नियम आणि दुसरीला दुसरा, असं कसं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ मध्ये ३ लाख ३१ हजारांवर गेली. यातल्या कितीतरी जणांचा प्रवास कुठेतरी विमान बदलूनच होतो आणि त्यांच्या घरी हाच गोंधळ उडतो. उत्तर समजून घ्यायला एक गोष्ट आधी मनात पक्की करावी लागते. तिकीट एकाचं असलं तरी त्यावर तिघं प्रवास करतात: माणूस, त्याची बॅग आणि त्याची परवानगी, म्हणजे व्हिसा आणि कागदपत्रं. घरातून तिघं एकत्र निघतात, पण मधल्या विमानतळावर तिघांच्या वाटा वेगळ्या होतात. कोण कुठे थांबणार, कुणाला कोण तपासणार, हे तिघांच्या बाबतीत वेगवेगळे कायदे ठरवतात.

मुळात विमान बदलायचंच कशाला?

मनमाड जंक्शन आठवा. नांदेडहून येणारा, नगरहून येणारा, भुसावळकडून येणारा, सगळे तिथे उतरतात आणि गाडी बदलतात. प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला थेट गाडी सोडायची म्हटली तर रेल्वेला ते परवडणार नाही. विमानांचं गणितही तसंच आहे. आशियातली २० शहरं आणि अमेरिकेतली २० शहरं थेट जोडायची तर ४०० मार्ग लागतील. मध्ये एक जंक्शन ठेवलं की ४० मार्गांत काम भागतं. मुंबई ते कोलंबस असं विमान रोज भरणार नाही, पण मुंबई ते फ्रँकफर्ट भरतं, कारण त्यात कोलंबसचा, ओस्लोचा, माद्रिदचा असे सगळेच प्रवासी बसलेले असतात. दुबई, दोहा, अबुधाबी, इस्तंबूल या विमानतळांचा पसाराही याच हिशेबावर उभा आहे.

जंक्शन चालायचं तर गाड्या एकमेकींना सापडल्या पाहिजेत. म्हणून अशा विमानतळांवर विमानं लाटेसारखी येतात: दोन-अडीच तासांत पूर्वेकडची सगळी उतरतात, प्रवासी इकडून तिकडे जातात, आणि मग पश्चिमेकडची एकामागून एक सुटतात. मुलांना निरोप द्यायला आपल्याला मध्यरात्री विमानतळावर का जावं लागतं, याचं उत्तरही इथेच आहे. फ्रँकफर्टला आजूबाजूच्या रहिवाशांच्या झोपेसाठी २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियमित उड्डाणांना बंदी आहे. मुंबईहून रात्री २ ला निघालेलं विमान नऊ तासांनी, म्हणजे आपल्याकडच्या सकाळी ११ ला पोहोचतं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे, म्हणून तिथे तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले असतात. बंदी संपलेली असते आणि अमेरिकेची विमानं सुटायला अजून दोन-तीन तास असतात. मधल्या वेळात प्रवासी आणि बॅगा आरामात बदलतात, आणि अमेरिकेत दुपारी उतरल्यावर पुढचं देशांतर्गत विमानही मिळतं. ही साखळी मागे मागे मोजत आणली की मुंबईची मध्यरात्र येते.

बॅगेच्या मुठीवरची पट्टी

आता पहिल्यांदा बॅगेकडे वळू, कारण सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते.

काउंटरवर बॅगेच्या मुठीला जी लांब कागदी पट्टी गुंडाळतात, ती म्हणजे बॅगेचं तिकीट. तिच्यावर मोठ्या अक्षरांत तीन-तीन अक्षरी खुणा असतात. प्रत्येक विमानतळाला अशी खूण दिलेली आहे: मुंबईला बीओएम, पुण्याला पीएनक्यू, फ्रँकफर्टला एफआरए. शिकागोच्या ओहेअर विमानतळाची खूण ओआरडी आहे, तिचा शिकागोच्या नावाशी काहीच मेळ बसत नाही, कारण त्या जागेचं जुनं नाव ऑर्चर्ड फील्ड होतं. पट्टीवर सर्वांत ठळक छापलेली खूण शेवटच्या गावाची असते. मधल्या गावांच्या खुणा लहान अक्षरांत असतात.

खुणा माणसांना वाचण्यासाठी आहेत. यंत्र वाचतं ते त्याखालच्या रेघांमध्ये लपलेला १० आकडी क्रमांक. त्यातला पहिला आकडा पट्टीचा प्रकार सांगतो, पुढचे तीन विमान कंपनीचे आणि उरलेले सहा त्या बॅगेचे. गाडीच्या नंबरप्लेटसारखं हे आहे. नंबरप्लेटवर गाडी कुठे चालली हे लिहिलेलं नसतं, पण नंबर टाकला की मालक कोण ते कळतं. तसं फ्रँकफर्टच्या तळघरात एक्स-रे, वळणं, चढउतार असलेल्या मैलोनमैल पट्ट्यांवरून बॅग धावत असताना लेझर हा नंबर वाचतो, संगणक विचारतो की ही कुणाची, कुठल्या विमानाची, आणि पुढच्या वळणावर तिला योग्य बाजूला ढकलतो. पट्टी चुरगळली, फाटली किंवा मागच्या प्रवासाची जुनी पट्टी तशीच राहिली तर लेझरला नीट वाचता येत नाही. मग ती बॅग बाजूला पडते आणि कुणीतरी हाताने तिची दिशा ठरवेपर्यंत तिथेच थांबते. घरी असतानाच बॅगेवरच्या जुन्या पट्ट्या आणि ते छोटे चिकटलेले रेघांचे तुकडे सोलून काढावेत, हा एवढा साधा उपाय फार थोडे लोक करतात.

बॅगा हरवण्याचं प्रमाण आता खूप घटलं आहे. २००७ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे जवळपास १९ बॅगा उशिरा पोहोचत, हरवत किंवा खराब होत. २०२३ मध्ये हा आकडा ७ च्या आत आला. यात विमान बदलताना मागे पडलेल्या बॅगांचा वाटा सर्वांत मोठा असतो. जंक्शनवर चुकामूक व्हायचीच, मग ती माणसांची असो की सामानाची.

जकात नाका कुठे आहे?

मग थेट कोलंबसची पट्टी लावलेली बॅग शिकागोत हातात का घ्यावी लागली?

मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके अनेकांना आठवत असतील. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते गेले. ट्रक कुठल्याही पेठेत जाणारा असो, शहराच्या हद्दीवर त्याला थांबावंच लागे. अमेरिकेचा नियम असाच आहे. परदेशातून आलेलं सामान त्या देशाच्या ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरतं, तोच नाका. तुमचं शेवटचं गाव कुठलं याच्याशी कस्टम्सला कर्तव्य नाही. शिकागो ते कोलंबस हे विमान देशांतर्गत आहे. कोलंबसला त्या विमानाच्या बॅगा ज्या पट्ट्यावर येतात, तिथे कस्टम्सचं टेबल नसतं, रस्त्यावरून कोणीही आत येऊन उभं राहू शकतं. बॅग शिकागोत तपासली नाही तर ती पुढे कुठेच तपासली जाणार नाही.

आपल्याकडेही साधारणपणे हेच चालतं. परदेशाहून मुंबईमार्गे नागपूरला येणाऱ्याला मुंबईतच बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं.

नाक्यावर नेमकं पाहतात काय? पैसे आणि मौल्यवान वस्तू तर खऱ्याच, अमेरिकेत १० हजार डॉलरपेक्षा जास्त रक्कम नेताना ती जाहीर करावी लागते. पण विद्यार्थ्यांच्या बॅगांत सापडतं ते खाण्याचं. कढीपत्त्याचं उदाहरण घ्या. आईने मायेने डब्यात भरून दिलेला कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही, आणि त्याला पक्कं कारण आहे. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. त्याच्या पानांवर एक बारीक तुडतुड्यासारखा किडा आणि त्याची अंडी असू शकतात. हा किडा संत्र्याच्या झाडांत एक जिवाणू सोडतो, मग फळं हिरवट, वाकडी, कडवट होतात आणि झाड काही वर्षांत मरतं. या रोगावर खात्रीचा इलाज नाही. २००५ मध्ये तो फ्लोरिडात सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांची वाताहत झाली. नागपूरच्या संत्रा उत्पादकाला हे दुःख समजावून सांगायची गरज नाही. शिकागोत बॅगेजवळ येऊन हुंगणारा तो लांब कानांचा बीगल कुत्रा याच कामावर असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर असे कुत्रे कामाला लावले. म्हणून मुलांना मी एकच सांगते: खाण्याचं काही आहे का, असं विचारलं तर "हो" म्हणा आणि दाखवा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला दंड होतो. ऑस्ट्रेलियात तर अशा लपवाछपवीपायी विद्यार्थ्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो.

युरोपीय संघाने नाका वेगळ्या ठिकाणी ठेवला आहे. तिथली जकात सगळ्या सदस्य देशांची मिळून एकच, त्यामुळे माल कुठल्या विमानतळावर तपासला याने फरक पडत नाही. मग बंद ट्रक पहिल्या नाक्यावर उघडायचा की मुक्कामी उघडायचा? त्यांनी ठरवलं, की चेक-इन केलेली बॅग शेवटच्या विमानतळावर तपासायची आणि हातातली बॅग पहिल्या. मैत्रिणीच्या मोठ्या बॅगा म्हणून फ्रँकफर्टला न थांबता हॅम्बुर्गला गेल्या. पण हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्याला कसं कळलं, की गर्दीतली हीच मुलगी संघाबाहेरून आली? पुन्हा ती पट्टीच. संघातल्या विमानतळावर चेक-इन झालेल्या बॅगेच्या पट्टीला दोन्ही कडांना हिरवी किनार असते. मुंबईच्या पट्टीला ती नसते. म्युनिकहून आलेला माणूस हिरव्या किनारीची बॅग ओढत निघून जातो, पांढऱ्या किनारीवाल्याकडे अधिकाऱ्याचं लक्ष जातं.

तिच्या बॅगेतून काय निघालं? साजूक तूप. युरोपीय संघात बाहेरच्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, जनावरांचे रोग येऊ नयेत म्हणून. तूप गेलं, चकली आणि मेतकूट राहिलं. आजीला अजून वाईट वाटतं.

एकाच इमारतीचे दोन मजले

आता तिसरा प्रवासी, परवानगी.

फ्रँकफर्टच्या पहिल्या टर्मिनलमध्ये एक लांब इमारत आहे. तिच्या खालच्या मजल्यावरच्या दारांना ए हे अक्षर आहे, वरच्या मजल्यावरच्या दारांना झेड. विमानं तीच, खिडक्या त्याच, पण खालचा मजला शेंगेन क्षेत्रात मोडतो आणि वरचा नाही. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं एक लहानसं गाव. १९८५ मध्ये तिथे पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकायचा करार केला. आज त्यात २९ देश आहेत. घराला एकच मोठं दार आणि आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, अशी ही व्यवस्था. फ्रँकफर्ट हे मैत्रिणीसाठी मोठं दार होतं, म्हणून तपासणी तिथे झाली. हॅम्बुर्ग ही आतली खोली, तिथे कोण विचारणार? भाची मात्र त्या दारातून आत गेलीच नाही. ती ओसरीवरून ओसरीवरच गेली, वरच्या मजल्यावरून शिकागोच्या विमानात.

या ओसरीला ट्रान्झिट क्षेत्र म्हणतात. ती कुठल्याच देशाची नसते, असा एक समज आहे. तो खरा नाही. तिथे जर्मनीचाच कायदा चालतो, फक्त तिथपर्यंत जायला पूर्ण प्रवेशाची परवानगी लागत नाही. काही देश काही देशांच्या नागरिकांकडून ओसरीसाठीही वेगळा ट्रान्झिट व्हिसा मागतात, आणि अमेरिकेसारख्या देशाचा चालू व्हिसा असेल तर बरेचदा त्यात सूट देतात. हे नियम सारखे बदलतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी मधल्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ पाहायचंच. स्वस्त तिकिटाच्या मोहात हे पाहायचं राहून जातं आणि मुलगा मुंबईच्या काउंटरवरूनच परत येतो. काउंटरवर इतकं काटेकोरपणे का तपासतात, तर कागद अपुरे असलेल्या प्रवाशाला नेलं तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणायचा खर्चही तिच्यावर पडतो. त्यासाठी त्यांच्या संगणकावर टिमॅटिक नावाची यादी असते, कुठल्या पासपोर्टला कुठे काय लागतं याची. परदेशाची पहिली तपासणी खरं तर अंधेरीतच होते.

अमेरिकेत ओसरी नाही. तिथल्या विमानतळांवर देशांतर्गत आणि परदेशी विमानं एकाच दालनातून सुटतात, आणि देश सोडताना इमिग्रेशनची वेगळी खिडकी नसते. त्यामुळे उतरलेल्या माणसाला वेगळं ठेवायला जागाच नाही. नुसतं विमान बदलून मेक्सिकोला जायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि रीतसर आत येऊन मग बाहेर पडावं लागतं. म्हणून भाचीची मुलाखत शिकागोत झाली. व्हिसा म्हणजे दार ठोठावायची परवानगी, दार उघडायचं की नाही हे त्या खिडकीतला अधिकारी ठरवतो. तो आय-२० हा विद्यापीठाचा कागद मागतो, कुठे शिकणार, फी कोण भरणार हे विचारतो. तो कागद चेक-इन बॅगेत असेल तर पंचाईत होते, कारण बॅग त्या खिडकीच्या पलीकडे असते. आणखी एक: शिक्षण सुरू होण्याच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर विद्यार्थी व्हिसावर आत घेत नाहीत. मावशीकडे राहून मग विद्यापीठात जाऊ, असे बेत ही तारीख पाहून आखावेत.

कॅनडाचा प्रकार आणखी नाजूक. तिथे शिकायचा खरा परवाना, स्टडी परमिट, पहिल्या विमानतळावर छापून हातात देतात. हॅलिफॅक्सला जाणारा मुलगा टोरंटोत पुढचं विमान गाठायच्या घाईत तो न घेताच निघाला, तर शिकायला आला खरा, पण परवाना नाही अशी त्याची स्थिती होते.

काही ठिकाणी अमेरिकेने आपलं दारच पुढे नेऊन ठेवलं आहे. याची सुरुवात १९५२ मध्ये टोरंटोत झाली. डब्लिनला हे आहे, अबुधाबीला २०१४ पासून आहे. तिथे विमानात चढण्याआधीच अमेरिकेचे अधिकारी इमिग्रेशन आणि कस्टम्स उरकतात, आणि मग अमेरिकेत उतरणं पुण्याहून नागपूरला उतरण्याइतकं सोपं होतं. अबुधाबीमार्गे गेलेली मुलं "आम्हाला तर अमेरिकेत काही विचारलंच नाही" असं सांगतात, ते याचमुळे.

बॅग एकटी का पाठवत नाहीत?

हा भाग लिहिताना मन जड होतं, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. बॅगेचा आणि माणसाचा मेळ घालायची आजची पद्धत दोन भयंकर घटनांनी शिकवली आहे, आणि दोन्हींत विमान बदलणारी बॅग होती.

२२ जून १९८५ ला कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका प्रवाशाने टोरंटोच्या विमानासाठी बॅग दिली आणि ती तिथून पुढे एअर इंडियाच्या विमानात जावी असा आग्रह धरला. पुढच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती, तरी बॅगेला पट्टी लागली. माणूस विमानात चढलाच नाही. बॅग गेली, टोरंटोत बदलली, आणि २३ जूनला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ 'कनिष्क' विमानात तिच्यातला बॉम्ब फुटला. ३२९ माणसं गेली. त्याच दिवशी व्हँकुव्हरहून निघालेली अशीच दुसरी बॅग टोकियोच्या नारिता विमानतळावर, एका विमानातून दुसऱ्यात नेताना फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार ठार झाले.

साडेतीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ ला, लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर कोसळलं. २७० मृत्यू. त्यात अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी होते. युरोपात एक सत्र शिकून ते नाताळसाठी घरी परतत होते. पुढे स्कॉटलंडच्या न्यायालयाने मान्य केलं, की बॉम्ब असलेली बॅग माल्टाहून सोबत माणूस नसताना निघाली आणि फ्रँकफर्टला विमान बदलून लंडनला पोहोचली.

आज प्रवासी दारापाशी आला नाही तर त्याचं नाव पुन्हा पुन्हा पुकारतात, आणि तरी नाही आला तर विमानाच्या पोटातून त्याची बॅग शोधून उतरवतात, मग अर्धा तास उशीर होवो. आत बसलेल्यांची चिडचिड होते. ज्यांना ही पार्श्वभूमी ठाऊक आहे, त्यांनी शेजाऱ्याला जरूर सांगावी. उलट बाजूने मात्र नियम तितका कडक नाही. बॅग मागे राहिली तरी माणूस पुढे जातो, आणि बॅग वेगळी पट्टी लावून, पुन्हा तपासून, पुढच्या विमानाने एकटी येते. कारण तिथे माणसाने बॅग मुद्दाम सोडलेली नसते.

मधल्या विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी का, याचंही उत्तर अशाच अविश्वासात आहे. अमेरिका, कॅनडा, सिंगापूर अशा मोजक्या देशांची तपासणी युरोपीय संघ आपली मानतो. भारत त्या यादीत नाही, म्हणून मुंबईत घेतलेली पाण्याची बाटली फ्रँकफर्टला टाकावी लागते. शिकागोत कारण वेगळं: बॅग हातात घेतली त्या क्षणी तिच्यातली सुरी, कात्री, तेलाची बाटली सगळं तुमच्या हाताशी आलं. तुम्ही आता रस्त्यावरून आलेल्या प्रवाशासारखेच, म्हणून तपासणी पहिल्यापासून.

चौकट: काउंटरवरून हलण्याआधी

"या बॅगा कुठपर्यंत टॅग केल्या?" हे विचारावं आणि पट्टीवरची तीन ठळक अक्षरं स्वतः वाचावीत. "मध्ये कुठे बॅग हातात घ्यायची?" हेही विचारावं. अमेरिका आणि कॅनडासाठी उत्तर बहुधा "पहिल्या विमानतळावर" असं येईल, युरोपासाठी "शेवटी". सगळे बोर्डिंग पास मिळाले का पाहावं. पट्टीचा जो छोटा तुकडा आपल्याला देतात त्याचा फोटो काढावा, बॅगांचाही काढावा. पासपोर्ट, प्रवेशपत्र, आय-२० किंवा तत्सम कागद, औषधं आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या बॅगेत. लोणचं आणि तूप सुरक्षा तपासणीच्या लेखी द्रवच, १०० मिलीपेक्षा मोठी बाटली हातात चालत नाही.

वेळ किती ठेवायचा?

प्रत्येक विमानतळाचा विमान बदलण्याचा कमीत कमी वेळ ठरलेला असतो. व्हिएन्ना २५ मिनिटांचा दावा करतं, फ्रँकफर्टला तो ४५ मिनिटं आहे. यापेक्षा कमी अंतर असलेली दोन विमानं संगणक एका तिकिटावर जोडूच देत नाही. पण हा वेळ वाटा माहीत असलेल्या, चपळ प्रवाशाचा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीने ऑगस्टच्या गर्दीत अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर तीन तास तरी हाताशी ठेवावेत असं माझं मत आहे. शिकागोचंच पाहा: इमिग्रेशनची रांग, बॅगा येण्याची वाट, कस्टम्स, बॅगा परत देणं, पाचव्या टर्मिनलहून छोट्या आगगाडीने दुसऱ्या टर्मिनलला जाणं, पुन्हा सुरक्षा तपासणी. यातली एक रांग जरी अडली तरी तास जातो.

आणि विमान चुकलंच तर? सगळा प्रवास एका तिकिटावर असेल, म्हणजे सहा अक्षरी आरक्षण क्रमांक एकच असेल, तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी विमान कंपनीची. पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं जोडून घेतली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी, तिकीट बुडालं. बॅगही अशा वेळी पहिल्या तिकिटाच्या शेवटीच उतरते आणि मधल्या देशात आत जाऊन ती घ्यावी लागते, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागतो. विद्यार्थ्यांच्या प्रवासात याइतकी महागात पडणारी काटकसर दुसरी नाही.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी पट्ट्याशेजारच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. बॅगांची भरपाई १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे होते. बॅग उशिरा मिळाली तर ती मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि फुटली असेल तर ७ दिवसांत लेखी कळवावं लागतं. दरम्यान घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या, गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

भाचीच्या दोन बॅगांपैकी एकच त्या रात्री कोलंबसला पोहोचली. शिकागोत दुसऱ्या पट्ट्यावर ठेवलेली दुसरी बॅग तिथेच रात्रभर राहिली. तिच्याकडे पट्टीचा तुकडा होता, फोटो होता, आणि बॅग शिकागोत तिने स्वतःच्या हाताने दिलेली असल्यामुळे ती अमेरिकेत पोहोचली आहे हेही तिला ठाऊक होतं. काउंटरवरच्या बाईंना तिने क्रमांक वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग तिच्या खोलीच्या दाराशी आली, आतला कुकर आणि गोधडी जशीच्या तशी.